चिऊच्या वाट्याची दिवाळी

आमच्या घरी दिवाळीवरून जो वाद चालतो, त्यात बाजू उलट्या लागल्या आहेत. सगळं जुनं जसंच्या तसं व्हायला हवं, हा आग्रह माझ्या नवऱ्याचा. तो पुण्यात दिवसभर लॅपटॉपसमोर बसतो आणि चौथ्या मजल्यावर राहतो. ‘एवढं करायची काही गरज नाही,’ हे म्हणणं सासूबाईंचं. त्यांनी साताऱ्यात पोस्टातली नोकरी सांभाळून दरवर्षी अख्खी दिवाळी एकहाती उभी केली. त्यांचं माहेर कुडाळकडचं, म्हणजे दिवाळी त्यांनी कोकणातलीही पाहिली आणि देशावरचीही. वाद जिच्यासाठी, ती आमची चिऊ चार वर्षांची आहे.

कोजागिरी झाली आणि नवऱ्याने यंदाची यादी काढली. त्यावर मायलेकांचं जे बोलणं झालं, ते इथे देते आहे. निकाल कुणाच्याही बाजूने लागला तरी कढईसमोर कोण उभं राहणार, हे ठाऊक असल्यामुळे मी नीट कान देऊन ऐकत होते.

नवरा: आई, यादी वाचलीस का?

सासूबाई: वाचली. चकली, करंज्या, अनारसे, चिरोटे, दोन तऱ्हेचे लाडू, शेव, चिवडा, शंकरपाळे. कंदील घरी करायचा. किल्ला, तोही रायगड. पहाटे साडेचारला अभ्यंगस्नान. एवढी यादी कुणासाठी रे?

नवरा: चिऊसाठी.

सासूबाई: चिऊ चिरोटे खाते?

नवरा: खाण्याचा प्रश्नच नाही गं. दिवाळी म्हणजे काय असतं, हे तिला कळायला नको? मला जे मिळालं ते तिला मिळायला नको? आमच्या सोसायटीत बघतेस ना. पुडा फोडला की फराळ, बटण दाबलं की कंदील. दिवाळी आली कधी आणि गेली कधी, पोरांना पत्ताही लागत नाही.

सासूबाई: तुला जे मिळालं ते तुला तुझ्या बाजूने आठवतंय. आता माझ्या बाजूने ऐक. दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे पोस्टात श्वास घ्यायला सवड नसायची. शुभेच्छापत्रांच्या थैल्या, पार्सलं, भाऊबीजेची ओवाळणी मनीऑर्डरने धाडणाऱ्या भावांची रांग. शुभेच्छांच्या तारांना ठरलेले मजकूर असत आणि त्यांचे नंबर. दिवाळीचा नंबर एक. त्या दिवसांत ‘एक, एक, एक’ लिहून बोटं दुखायची. तिथून घरी आलं की स्वयंपाक, आणि सगळ्यांची जेवणं उरकली की भाजणी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते फडक्यावर निथळून कुटायचे, गूळ मिसळून गोळे मुरत ठेवायचे. एवढं करून तुपात सोडलेला अनारसा हसला की मला रडू यायचं. तेव्हा तू झोपलेला असायचास. सकाळी उठून तू डबा उघडायचास, तर डबा भरलेला. तुला ज्या घरच्या दिवाळीचं एवढं कौतुक आहे ना, ती तुला आयतीच मिळत होती. पुड्यातून नाही, डब्यातून, एवढाच फरक.

नवरा: हे बरंय. म्हणजे सगळं बाहेरूनच आणावं, असं म्हणणं आहे का तुझं?

सासूबाई: आणलं तर काय बिघडलं? बचत गटाच्या बायका चांगला फराळ करतात. त्यांच्या घरात चार पैसे जातात.

नवरा: जाऊ देत की. पण मग आपल्या घरात सणाचं उरलं काय? ऑर्डर द्यायची, पैसे द्यायचे, खायचं. हे तर आपण एरवीही करतो. आई, परंपरा म्हणून काही असतं की नाही?

सासूबाई: असतं. पण कुणाची परंपरा ते सांग. माझ्या माहेरी किल्ला नव्हता. चकल्यांनी भरलेले डबेही नव्हते. नरक चतुर्दशीला आमच्याकडे चावदिवस म्हणतात. पहाटे आंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याची बी जिभेला लावायची आणि तोंड वाकडं करत आत पळायचं. आत पोह्यांची पंगत. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, ताकातले, आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दिवाळी म्हणजे पोहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला साताऱ्यात मी विचारलं, पोहे कधी करायचे? सगळे हसले. पोहे काय, रोजच असतात, म्हणाले. तू ज्याला ‘आपली परंपरा’ म्हणतोस ना, ती तुझ्या बाबांच्या घरची. माझी वेंगुर्ल्याच्या एसटीत राहिली. आणि हिची?

(इथे बोट माझ्याकडे होतं.)

मी: आमच्याकडे परभणीला वसुबारसेचं मोठं. गायवासराची पूजा, आणि त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. गहू नाही, दूध-तूप नाही. आजी त्या दिवशी चहासुद्धा कोरा घ्यायची.

सासूबाई: ऐकलंस? ते आहे तुझ्या यादीत?

नवरा: नाही. पण आई, हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. पोहे सुटले याचं तुला अजून वाईट वाटतं, हे आत्ता तुझ्या बोलण्यातच दिसलं. उद्या चिऊचं काही सुटू नये म्हणूनच मी धडपडतोय ना!

सासूबाई: पोहे सुटले, पण कारीट सुटलं नाही. तू लहान असताना मी मंडईतून शोधून आणायचे. आठवतं?

नवरा: आठवतं. मंडईत तू त्याला कारीट म्हणायचीस, भाजीवाली चिराटं म्हणायची, आणि दोघी भांडायच्या.

सासूबाई: मग सांग, पोहे सुटले आणि कारीट का नाही सुटलं? मी पुष्कळ विचार केलाय यावर. पोहे आई करायची, मी नुसती खायचे. खाल्लेलं आवडतं, पण हाताला येत नाही. कारीट मात्र मी स्वतः वेलीवरून काढून आणायचे आणि स्वतः फोडायचे. ते कुणाला विचारून करावं लागत नव्हतं. आता तू सांग. चकलीची भाजणी कशी करतात?

नवरा: तांदूळ… डाळी…

सासूबाई: किती तांदूळ, कुठल्या डाळी?

नवरा: आई, ते यूट्यूबवर मिळतं.

सासूबाई: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची. वर पोहे, धने, जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं. इतकी वर्षं मिटक्या मारत चकल्या खाल्ल्यास, पण एवढं तुला येत नाही. बरं, किल्ला कसा करतात ते सांग.

नवरा: ते सोपं आहे. आधी दगडविटांचा ढीग रचायचा, मधे भुयाराला जागा सोडून. त्यावर पोतं टाकायचं, पण ते आधी पाण्यात पुरतं भिजवलेलं पाहिजे, नाहीतर माती धरत नाही. मग लाल माती चाळून चिखल कालवायचा, इडलीच्या पिठाइतका सैल, आणि तो वरून खाली थापत यायचं. बुरुजांना डालड्याचे रिकामे डबे. तळ्याला फुटक्या आरशाचा तुकडा. चिखल ओला असतानाच आळीव भुरभुरवायचे आणि सकाळ-संध्याकाळ नुसतं शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की बी वाहून पायथ्याशी जातं आणि डोंगर टकला राहतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी…

सासूबाई: पुरे! आता कळलं? फराळ तुला आयता मिळाला, म्हणून तो तुझ्या यादीत आहे आणि किल्ला तू केलास, म्हणून तो तुझ्या हातात आहे. चिऊला तुझी यादी नको. तिला एखादं काम दे.

(यावर नवरा थोडा वेळ गप्प होता. पण तो वकिलाचा नातू आहे.)

नवरा: ठीक आहे. तुझंच म्हणणं धरून चालू. मुलाला काम द्यायचं, तर ते काम आधी घरात चाललेलं असायला हवं ना? पुड्यातल्या चकलीत चिऊने काय काम करायचं? पुडा फोडायचा? म्हणजे फराळ घरीच व्हायला हवा, कंदील घरीच व्हायला हवा. माझी यादी उभीच राहते. उलट पक्की होते.

सासूबाई: यादी नाही उभी राहत. कढईपाशी चार वर्षांच्या पोरीचं काय काम आहे? तळण सुरू झालं की मुलांना बाहेर काढावंच लागतं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दगड होते. त्या घाईत तिच्याकडे बघणार कोण? अनारसे तर मलाच दर वर्षी जमले असं नाही. तिच्या हाताला जे झेपेल तेवढं घरी करू. बाकीचं खुशाल विकत.

नवरा: झेपेल असं काय आहे?

सासूबाई: शंकरपाळे. पोळी तू लाटून द्यायची, कातणं तिच्या हातात द्यायचं. मागच्या महिन्यात मी तिला कणकेच्या पोळीवर फिरवायला दिलं होतं. तिने काय केलं माहीत आहे? सरळ रेघ ओढलीच नाही. गोल गोल फिरवत गेली आणि म्हणाली, ‘आजी, ही रेल्वे.’ नागमोडी कड उमटते ना कातण्याची, ते तिला रूळ वाटले. मग त्या रुळांवरून तिने एक वाटाणा चालवत नेला.

नवरा: तसले शंकरपाळे तळायचे? एक बोटभर, एक हातभर?

सासूबाई: तळायचे. जाडी सारखी असली की झालं. आकार वेडावाकडा असला तरी चव बदलत नाही. आणि पाहुण्यांच्या ताटात वाढायचे, लपवायचे नाहीत. कंदिलाच्या कामट्या तू बांध, कागद चिकटवायचं काम तिचं. कणकेची खळ कर, तोंडात गेली तरी चिंता नाही. खालच्या झिरमिळ्या कापायला तिची बोथट कात्री पुरेल. उटणं कालवायला तीच. आणि तुझ्या किल्ल्याचा चिखल.

नवरा: किल्ल्याचं मात्र मी ठरवलंय. यंदा रायगड, नकाशा समोर ठेवून. गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैत, युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. चिऊला निदान रायगड तरी नीट कळायला हवा. महादरवाजा कुठे, टकमक टोक कुठे, हिरकणी बुरूज कुठे.

सासूबाई: चिऊला तिथे डायनासोर ठेवायचाय.

नवरा: रायगडावर डायनासोर?

सासूबाई: मला कालच सांत्वन करावं लागलं. ‘बाबा म्हणतात, त्याला गडावर जागा नाही.’

नवरा: आई, हसू नकोस. इतिहासाचा खेळखंडोबा नको. आधीच पीओपीचे तयार किल्ले रस्त्यावर विकायला असतात. आणायचे, ठेवायचे, वर मावळे उभे करायचे. निदान घरी केलेला तरी खरा असू दे.

सासूबाई: त्या तयार किल्ल्यात आणि तुझ्या रायगडात तिच्यासाठी काय फरक आहे? तो दुकानदाराने केलेला, हा बाबाने केलेला. दोन्हीकडे तिने हात मागे घेऊन बघायचं. मोठ्या मंडळांच्या किल्ल्यांना बक्षिसं मिळतात, बघायला छानच असतात. पण तिथे दोरी बांधलेली असते आणि मुलं दोरीच्या बाहेर. तुझे पहिले किल्ले कसे होते, सांगू? एका बुरुजावर गांधीजी उभे होते आणि खाली क्रिकेटची टीम. कुणी तुला अडवलं नाही.

नवरा: गांधीजी होते, कारण मावळे संपले होते. पण तू म्हणतेस तसं सगळंच सोडून देता येत नाही. एखादी गोष्ट तरी अशी हवी की जिथे ‘असंच करायचं’ म्हटलं की असंच. नाहीतर तो मातीचा ढीग आहे, किल्ला नाही.

सासूबाई: हे मात्र पटलं. नियम हवा, पण एकच. एक असला की मूल तो पाळतं, दहा असले की एकही पाळत नाही.

नवरा: मग हा. सगळ्यात उंच जागा महाराजांची. तिथे दुसरं कुणी नाही.

सासूबाई: ठरलं. डायनासोर पायथ्याला.

नवरा: पायथ्याला. पहाऱ्यावर.

(किल्ल्याचा तह झाला. पण पहाटेचा प्रश्न उरला होता आणि त्यात नवरा मागे हटेना.)

सासूबाई: साडेचार कशाला? त्या दिवसांत पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. सूर्योदयाच्या आधी आंघोळ म्हणजे साडेपाचलाही चालतं. नाहीतर सातला घाल. चार वर्षांच्या पोरीला झोपेतून ओढून कसलं पुण्य लागणार आहे?

नवरा: पुण्याचं मला माहीत नाही. पण आई, सातला आंघोळ ती रोज करते. अंधारात उठायचं, बाहेर गारवा, बाथरूमच्या दारात पणती, अंगाला कोमट तेल, उटण्याचा वास, आणि आंघोळ करून बाहेर आलं तरी अजून रात्रच. अख्ख्या वर्षात असं एकदाच होतं, म्हणून तर ते लक्षात राहतं. प्रत्येक गोष्ट मुलाच्या सोयीने करायची म्हटली, तर मुलाला वेगळं काही मिळणारच नाही. सोयीची दिवाळी म्हणजे नुसता रविवार.

सासूबाई: हं.

नवरा: हं म्हणजे?

सासूबाई: म्हणजे हे तू बरोबर बोललास. माझ्या डोक्यात पहाट म्हटलं की वेगळंच येतं. रात्री दोनला ओटा पुसून झोपायचं आणि चारला उठून बंब पेटवायचा. मला पहाट आवडत नाही ती त्यामुळे. तिला आवडू शकेल. पण मग आधी तू उठायचंस. पाणी तू तापवायचंस, तेल कोमट तू करायचंस. हिने नाही, मी नाही. आणि आदल्या रात्री तिला आठला झोपवायचं. उठताना रडली तर नाद सोडायचा.

नवरा: कबूल. आणि आंघोळीनंतर अंगणात एक फटाका. आमच्या वाड्यात पहिला बार कुणाचा, यावर पैजा लागायच्या.

सासूबाई: आता नाही लावता येत. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियमच आहेत 2000 सालापासूनचे. आणि सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढेच दोन तास दिले. तुझा पहिला बार कायद्यात बसत नाही.

नवरा: बरं, बार नको. लहान मुलांचं काहीतरी. नागगोळी आणू. आवाज नाही, ठिणगी नाही.

सासूबाई: सगळ्यात वाईट तीच. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये फटाक्यांचा धूर मोजला होता, पेपरात मोठं आलं होतं. पाऊस, भुईचक्र, फुलबाजी, लड, सगळं जाळून पाहिलं, तर सगळ्यात जास्त बारीक कण निघाले नागगोळीतून. आणि आपण ती सगळ्यात लहान पोराच्या हातात देतो. ते वाकून, तोंड जवळ नेऊन बघत बसतं.

नवरा: हे मला माहीत नव्हतं. मग काहीच नको. पण त्या जागी काय? कारीट फोडायचं?

सासूबाई: फोडू दे ना. चांगला फट् आवाज होतो. पण गोष्ट नीट सांग. मागे तिला मी नरकासुराची गोष्ट सांगितली. कृष्णाने आणि सत्यभामेने त्याला मारलं, त्याने कोंडून ठेवलेल्या सोळा हजार बायकांना सोडवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्याला आई होती?’

नवरा: तू काय सांगितलंस?

सासूबाई: होती म्हणाले. पृथ्वी ही त्याची आई. म्हणून तर त्याला भौमासुर म्हणतात. मग ती म्हणाली, ‘मग ती रडली असेल.’ आता काय सांगायचं पोरीला? आणि दोन दिवसांनी पाडव्याला आपण बळीची पूजा करतो, तोही असुरच. त्याचं राज्य परत यावं म्हणून ओवाळतो. एकाला पायाखाली फोडायचं, एकाला ओवाळायचं.

नवरा: हे तर बरंच आहे. नुसता वाईट राक्षस, चांगला देव, असं नाही. राक्षसातही राजा बळी निघतो. मोठी झाली की तिला हे कळेल.

सासूबाई: आत्ताच कळलंय तिला, आपल्यालाच उत्तर येत नाही. असू दे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच दिवाळीत द्यायची नसतात.

नवरा: आई, एक विचारू? एवढं सगळं करून तिला यातलं काही आठवेल का? मला तर साडेतीन-चारच्या आधीचं काहीच आठवत नाही.

सासूबाई: कुणालाच सहसा आठवत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांचं पुसलेलं असतं. चौथ्या वर्षाचंही तुकड्यातुकड्याने राहतं.

नवरा: म्हणून तर मी व्हिडिओ काढतो, फोटो काढतो. निदान पुराव्याला राहील.

सासूबाई: तू मोबाइल धरलास की तुझा एक हात अडकतो आणि तिला वाटतं, आता कामाचं नाही, दाखवायचं आहे. गेल्या वर्षी भाऊबीजेला तिने चुलतभावाला ओवाळलं, तेव्हा तू तिला तीनदा ओवाळायला लावलंस. पहिल्यांदा ताट हललं, दुसऱ्यांदा ती बघत नव्हती. तिसऱ्यांदा ती तुझ्याकडे बघून ओवाळत होती. भाऊ बाजूलाच राहिला.

नवरा: एक फोटो तरी?

सासूबाई: एक काढ. आधी काढ, मग मोबाइल आत ठेवून ये. आणि आठवेल का, याची काळजी सोड. मला माझी चौथ्या वर्षाची दिवाळी आठवत नाही. पण कारीट अंगठ्याखाली घेताना टाच किती उचलायची, ते पायाला माहीत आहे. ते मला कधी शिकवलं, कुणी शिकवलं, काही सांगता येत नाही.

नवरा: मग तुझं एवढंच म्हणणं की कमी करा?

सासूबाई: नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच जिंकले असते. जे करायचं ते तिच्यासमोर नको, तिच्याबरोबर होऊ दे. त्यासाठी कमी करावं लागतं, कारण तिच्याबरोबर केलेल्या कामाला तिप्पट वेळ लागतो. तू यादी धरून बसलास तर तो वेळ तुझ्याकडे नाही. मग तू म्हणणार, ‘चिऊ, तू बाजूला हो गं, मी पटकन करतो.’ हे एकदा म्हटलं की संपलं.

नवरा: आणि माझं म्हणणं एवढंच की कमी करता करता शून्यावर येऊ नये. आज अनारसे गेले, उद्या कंदील जाईल, परवा म्हणू, बाहेरगावी जाऊ, हॉटेलात दिवाळीचं पॅकेज आहे. प्रत्येक वेळी कारण खरंच असतं.

सासूबाई: असतं. त्यासाठीच तुझ्यासारखा हट्टी माणूस घरात लागतो.

मी: मी बोलू का? वसुबारस यादीत घाला. करायला भाकरी आणि भाजी, दोनच गोष्टी, तळण नाही. आणि गवारीच्या शेंगा चिऊ निवडू शकते. गायवासरू कुठे मिळणार, ते तुमचं तुम्ही बघा. आणि चावदिवसाच्या सकाळी पोहे. चार तऱ्हेचे नको, दोन पुरेत.

सासूबाई: गोडे मी करते.

(मग यादी नव्याने लिहिली. या वेळी प्रत्येक ओळीपुढे नाव होतं. भाजणी आणि चकली: नवरा, सासूबाईंच्या देखरेखीखाली. करंज्या, लाडू, शेव, अनारसे: बचत गट. चिवडा: मी. शंकरपाळे कातणं, उटणं कालवणं, खळ लावणं, शेंगा निवडणं, आळिवांना पाणी शिंपडणं: चिऊ. चिरोटे खोडले. नवऱ्याने तिथे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, ते मी पाहिलं आहे.)

नवरा: पुढच्या वर्षी काय वाढवायचं?

सासूबाई: पदार्थ एकही वाढला नाही तरी चालेल. तिच्या नावापुढे एक काम वाढव.

नवरा: आणि ती म्हणाली, मला नाही करायचं, तर?

सासूबाई: तर तू कर. बाबा करतो, एवढं तरी तिला दिसू दे.